तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या कुलपाला वायर जोडून लिफ्ट चालू ठेवल्याबद्दल तक्रार

दिनांक : २३ जुलै

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
लिफ्ट देखभाल विभाग

विषय : तिसऱ्या मजल्याच्या दाराची सुरक्षा बाद करून लिफ्ट चालू ठेवल्याबद्दल, आणि १९ दिवस दुरुस्ती न केल्याबद्दल.

महोदय,
स.न.वि.वि.

टिळकनगर, डोंबिवली पूर्व इथल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट ४ जुलैच्या संध्याकाळपासून बंद आहे. तुमच्या कॉल सेंटरच्या नोंदीत ती ‘ग्राहकाने स्वतः बंद ठेवली’ असं लिहिलंय, आणि त्याच कारणाने आमची तक्रार दोनदा ‘निकाली’ म्हणून बंद केली गेली. लिफ्ट मीच बंद केली, हे खरं आहे. मेन स्विच मी पाडला, मशीन रूमला कुलूप मी लावलं. का लावलं, हे तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

आमची इमारत खाली पार्किंग आणि वर पाच मजले अशी आहे. मजल्यावर तीन, म्हणजे पंधरा घरं. लिफ्ट सहा माणसांची, ४०८ किलोची, मजल्यावरचं दार हाताने ओढून उघडायचं. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि तीन वर्षांपासून सचिवपद सांभाळते.

३० जूनला दुपारी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकू लागली. दार लावलं तरी हलायची नाही, दोन-तीनदा आपटलं की मग निघायची. तक्रार नोंदवली. संध्याकाळी तुमचा मेकॅनिक आला. वीस मिनिटांत लिफ्ट सुरू झाली आणि लॉगबुकमध्ये नोंद झाली, ‘३ रा मजला डोअर लॉक ॲडजस्ट केले, लिफ्ट ओके.’ खाली त्याची सही आहे आणि माझीही. मी सही केली, कारण लिफ्ट माझ्या डोळ्यांदेखत वरखाली जात होती. ती सही आता मला रोज टोचते.

४ जुलैला संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी क्लासला निघाली. आजी तिला लिफ्टपर्यंत सोडायला आली होती. मुलीने नेहमीसारखं दार ओढलं, ते उघडलं, आणि पलीकडे लिफ्ट नव्हती. लिफ्ट त्या वेळी पाचव्या मजल्यावर होती. समोर नुसता काळोख आणि लोंबणारी केबल. मुलीचं एक पाऊल उंबऱ्यावर पडलं होतं. आजीने तिचं दप्तर मागून धरलं म्हणून ती मागे आली. आजी चाळीस पावलंही न दमता चालत नाहीत, पण त्या क्षणी त्यांचा हात पोचला. त्या संध्याकाळी त्या दोघी जिन्यात बसून होत्या आणि कोणीच काही बोलत नव्हतं. मी वर गेले तेव्हा आजींनी दप्तराचा पट्टा अजून सोडला नव्हता.

असं होऊच कसं शकतं, हा प्रश्न मला पडला. शेजारचे काका रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेत. त्यांनी मला जे समजावलं ते तुमच्या तंत्रज्ञांना ठाऊक असणारच, तरी लिहिते. मजल्यावरच्या दाराला दोन राखणदार असतात. एक कुलपाची जीभ : लिफ्ट त्या मजल्यावर नसेल तर ती जीभ सुटत नाही, दार कितीही ओढा. दुसरा विजेचा कॉन्टॅक्ट : दार नीट लागून जीभ बसली तरच तो जुळतो. सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकामागोमाग एका साखळीत असतात. त्यातला एक जरी सुटा असला तरी मोटरला वीज मिळत नाही आणि लिफ्ट जागची हलत नाही. म्हणजे ३० जूनला तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडत होती, तो बिघाड नव्हताच. कुलूप झिजलंय, जीभ बसत नाहीये, असं ती लिफ्ट आम्हाला सांगत होती.

४ जुलैच्याच रात्री काका, वॉचमन आणि मी मशीन रूममध्ये गेलो. आधी मेन पाडला. कंट्रोलरचं झाकण उघडलं तर तिसऱ्या मजल्याच्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये तांबड्या वायरचा एक तुकडा जोडलेला होता. जेमतेम वीतभर. आम्ही त्याला हात लावला नाही, फोटो काढले, कुलूप लावलं आणि उतरलो. तो तुकडा अजूनही तिथेच आहे. तुमच्या माणसाने कुलूप दुरुस्त केलं नव्हतं, लिफ्टला दार दिसेनासं केलं होतं. ३० जूनपासून ४ जुलैपर्यंत आमच्या पंधरा घरांतली माणसं, कामाला येणाऱ्या बाया, दूधवाला, कुरिअरवाले, सगळे त्या लिफ्टने जात-येत होते, आणि ‘लिफ्ट ओके’ या नोंदीखाली मी सही केलेली होती.

मेकॅनिकच्या बाबतीत एक आधीच स्पष्ट करते. त्या मुलाला नोकरीवरून काढून हे प्रकरण मिटवू नका. तो पंचविशीतला असेल. ५ जुलैला मी त्याला फोन केला तेव्हा तो रडवेला झाला. म्हणाला, ‘मॅडम, नवीन लॉक मागवलंय, ऑफिसने सांगितलं पार्ट येईपर्यंत कॉल क्लोज कर.’ डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंतच्या लिफ्ट त्याच्या एकट्याच्या वाट्याला आहेत, असंही तो म्हणाला. हे खरं असेल तर ती वायर त्याच्या हाताने जोडली गेली असली तरी निर्णय तुमच्या कार्यालयाचा आहे, आणि मला उत्तर तुमच्याकडून हवंय. पार्ट नव्हता तर लिफ्ट बंद ठेवून तसं लेखी सांगायचं होतं. आम्ही कुरकुरलो असतो, चार फोन जास्त केले असते, पण जिने चढलो असतो. आता चढतोच आहोत.

त्यानंतरच्या १९ दिवसांत तुमच्याकडून आम्हाला दोन गोष्टी मिळाल्या. एक, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज, दोनदा. दुसरी, लिफ्टच्या संपूर्ण आधुनिकीकरणाचं साडेचार लाखांचं कोटेशन. लिफ्ट जुनी आहे, कधीतरी बदलावी लागेल, हे आम्हालाही कळतं आणि सर्वसाधारण सभेत त्यावर बोलणं चालू आहे. पण एका कुलपाच्या तक्रारीला साडेचार लाखांचं कोटेशन हे उत्तर होत नाही. सहीसाठी कोटेशन घेऊन तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी आला होता. कुलूप घेऊन अजून कोणी आलेलं नाही.

आता या १९ दिवसांत इमारतीत काय चाललंय ते सांगते. ‘लिफ्ट बंद’ या दोन शब्दांत ते कळत नाही.

आमच्याकडे एका मजल्याला १८ पायऱ्या आहेत. माझ्या समोरच्या घरातल्या गृहस्थांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. चौथा मजला म्हणजे ७२ पायऱ्या. ४ जुलैपासून आठ वेळा त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं आणि तसंच वर आणलं. पुढे दोघं, मागे दोघं. सकाळी ऑफिसला जाणारी आमची मुलं आपली ठरलेली लोकल सोडून थांबतात, मग पुढच्या गाडीला लोंबकळत जातात. खाली जाताना ते गृहस्थ काही बोलत नाहीत. परत येताना मात्र, चार तास मशीनला बसून अंगातलं त्राण गेलेलं असतं तेव्हा, प्रत्येक वळणावर ‘टेकवा रे, दमला असाल’ म्हणतात. मागच्या शनिवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ओल्या पायरीवरून एका मुलाचा पाय घसरला. खुर्ची कठड्याला टेकली म्हणून निभावलं. त्यांच्या पत्नीने त्या दिवशी मला विचारलं, ‘काही दिवस खाली कोणाकडे खोली मिळेल का?’ स्वतःचं घर असताना.

पाचव्या मजल्यावरच्या ताई डबे करतात. रोज चाळीस डबे. ते आता त्या आणि त्यांचा मुलगा पिशव्या भरून चार खेपांत उतरवतात. धान्य, भाजी, तेलाचा डबा वर न्यायचा तो वेगळाच. गॅसवाल्याने तिसऱ्या मजल्याच्या वर सिलिंडर चढवायला नकार दिला, आणि मी त्याला दोष देत नाही. १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन धरलं तर तीसएक किलोचं ओझं खांद्यावर घेऊन नव्वद पायऱ्या चढायच्या, तेही पावसाळ्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला आठवा महिना लागलाय. आणि पाचव्या मजल्यावर एक आजी आहेत, वय ८१. रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळात जायच्या, तिथल्या बाकावर त्यांच्या मैत्रिणी जमतात. १९ दिवसांत त्या एकदाही खाली उतरलेल्या नाहीत. परवा गॅलरीतून मला हाक मारून म्हणाल्या, ‘अगं, त्या बायकांना निरोप दे, मी बरी आहे म्हणून.’

पैशाचंही लिहायलाच हवं. वार्षिक देखभाल कराराचे ४८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८,६४० असे ५६,६४० रुपये आम्ही एप्रिलमध्येच एकरकमी भरले. घरटी ३,७७६ रुपये. करार सुट्या भागांसकट आहे आणि दारांची कुलपं त्यात येतात, प्रत जोडली आहे. दर महिन्याच्या भेटीत काय तपासायचं याची यादीही करारात आहे आणि तिच्यात ‘सर्व मजल्यांची डोअर लॉक’ हे शब्द आहेत. मे आणि जून या दोन्ही महिन्यांच्या नोंदीत त्यापुढे बरोबरची खूण केलेली आहे. कुलूप एका दुपारी झिजत नाही. मग त्या खुणा करताना तिसऱ्या मजल्यावर कोणी थांबलं होतं का, याचं उत्तर मला हवं आहे.

आमची बाजू पूर्ण स्वच्छ आहे असंही नाही. मागच्या पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि ते उपसायला आम्ही उशीर केला. खड्डा कोरडा ठेवणं सोसायटीचं काम आहे. यंदा पंप बसवलाय. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या यंत्राची बॅटरी बदलायचीही आमच्याकडून राहिली होती, ती मार्चमध्ये बदलली. आमच्या चुका आम्ही निस्तरतो, म्हणूनच तुमच्याकडून तशीच अपेक्षा करते.

कायद्याचा धाक घालायची मला हौस नाही, पण मी वाचून ठेवलं आहे. १९३९ चा जुना लिफ्ट कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ चा उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम आला आहे, आणि लिफ्टच्या तपासणीसाठी सरकारचा विद्युत निरीक्षक विभाग आहे. या पत्राची प्रत फोटोंसह तिथे देत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. ‘लिफ्ट ओके’ लिहून वायर झाकून ठेवणं याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याचा आणि गरज पडल्यास ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा ठराव आमच्या समितीने केला आहे.

त्याआधी तुम्ही एवढं करावं. तिसऱ्या मजल्याचं कुलूप नवीन बसवा आणि बाकीच्या मजल्यांची कुलपं आमच्यासमोर एकेक करून तपासा : लिफ्ट वेगळ्या मजल्यावर उभी करून प्रत्येक दार ओढून बघायचं, आणि प्रत्येक दार किंचित उघडं ठेवून लिफ्ट हलत नाही ना ते बघायचं. ती वायर आमच्यासमोर काढा. ३० जूनला काय केलं गेलं आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे लेखी द्या. तुमच्याकडे देखभालीला असलेल्या आमच्या भागातल्या इतर इमारतींतही ‘पार्ट येईपर्यंत’ म्हणून अशा वायरी जोडल्या आहेत का, हे या आठवड्यातच तपासा. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे, कारण तिथल्या आजीचा हात वेळेवर पोचेलच असं नाही. बंद दिवसांचे कराराच्या हिशेबाने होणारे २,९४८ रुपये पुढच्या बिलातून वळते करा, रक्कम लहान आहे तरी.

आणि त्या मुलीच्या घरी तुमच्यापैकी कोणीतरी जबाबदार माणसाने येऊन भेटावं. ती आता लिफ्ट असलेल्या मैत्रिणीच्या घरीही जिन्यानेच जाते.

मशीन रूमची किल्ली माझ्याकडे आहे. माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, मी आणि शेजारचे काका हजर राहू. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी सात ते आठ या वेळात मात्र पाठवू नका, तेव्हा खुर्ची उतरवायची असते आणि जिना मोकळा लागतो.

आपली,
सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था
टिळकनगर, डोंबिवली (पूर्व)

सोबत : कराराची प्रत, मे ते जुलै लॉगबुकची पानं, कंट्रोलरमधील वायरचे फोटो, पंधरा घरांच्या सह्या.
प्रत : विद्युत निरीक्षक कार्यालय.