झाडावरची नोटीस दिसेल अशी लावा

संपादक महोदय,

नौपाड्यात जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला चालल्यात आणि कंपाऊंडमधले आंबे-फणस पण त्यांच्यासोबत चाललेत म्हणून लिहितोय. लोकांना वाटतं खासगी जागेतलं झाड म्हणजे मालक वाट्टेल ते करेल, पण तसं नाहीये, 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार तिथेही परवानगी लागते आणि हा कायदा बदलापूरसारख्या नगरपरिषदेच्या गावालाही लागू आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ठरतं, आणि तोडलंच तर झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची.

तोडायच्या आधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवायच्या असतात. आता ती नोटीस गेटच्या आत, भिंतीकडे तोंड करून, पावसात शाई गेलेली, मग हरकत घेणार कोण? खूप चीड येते हो. नोटीस रस्त्यावरून वाचता येईल अशी लावा, शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहा, आणि बदली लावलेली रोपं कुठे आहेत, जगली की मेली, ते वॉर्डनुसार ऑनलाइन टाका.

– एक रहिवासी, नौपाडा, ठाणे