पुरिमच्या दिवशी ठाण्याहून

प्रिय रिबका,

शालोम बाळ. आमचा पुरिमचा सण आज, अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, दुपारच्या जेवणाबरोबर पार पडला. तुमच्या यरुशलेमला तो पंधराव्याला, म्हणजे तुझी धावपळ संध्याकाळपासून सुरू होणार. म्हणून आत्ताच लिहिते.

"आई, यंदा सिनेगॉगचे जिने चढू नकोस, मी व्हिडिओ कॉल लावते," असं तू म्हणालीस. तुझी काळजी कळते गं. पण फोनवरून ऐकलेली मगिल्ला, म्हणजे एस्तेरची पोथी, आपले प्रार्थना चालवणारे हझान धरत नाहीत. आणि मगिल्ला ऐकणं जितकं पुरुषांवर बंधनकारक, तितकंच बायकांवरही. हामान सगळ्या ज्यूंना मारायला निघाला होता, त्या संकटातून आपण बायकाही वाचलो होतो. म्हणून कठडा धरून, मध्ये थांबत थांबत वर गेले. हझानांनी पहिल्याच ओळीत होदूपासून, म्हणजे आपल्या हिंदुस्थानापासून, कूशपर्यंतचे 127 प्रांत म्हटले आणि वरच्या बायकांच्या बाकांवर आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघून हसलो. हामानच्या दहा मुलांची नावं एका दमात म्हणायची असतात. हझानांचंही वय झालंय, पण त्यांनी दम सुटू दिला नाही. पोरांनी हामानच्या नावाला पाय आपटून इमारत दणाणून सोडली. बाहेर होळीचे ढोल चालूच होते. आजी याला होळीचा सणच म्हणायची, आठवतं?

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. हल्ली पुरिमला माझ्याकडे ताटंच ताटं येतात. सगळे प्रेमाने आणतात, पण "तुम्ही काही करू नका हं मावशी" म्हणतात, तेव्हा जीव दुखावतो. बाई म्हातारी झाली की तिने नुसतं घ्यायचं, असं कुठे सांगितलंय? उलट शास्त्रात तर दानावर जगणाऱ्यानेही पुरिमला दोन गरिबांना काहीतरी द्यावं, असं आहे. स्वतःच्या मेजवानीपेक्षा गरिबांना जास्त द्या, असं आपले मोठे धर्मपंडित रामबाम लिहून गेले. आणि तालमुद या आपल्या धर्मग्रंथातले ते दोघे, आबाये बार आविन आणि हनिना बार आविन, आपापलं जेवण एकमेकांशी बदलायचे. मला ते फार आवडतं. दोघेही देणारे, दोघेही घेणारे.

म्हणून यंदा पुरण मीच शिजवलं. वाटण्यापुरती खालच्या मजल्यावरची मुलगी आली. जेवणात कोंबडी होती, मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून पोळ्या तुपाऐवजी तेलावर भाजल्या आणि सोबत वाटीभर नारळाचं दूध, गूळ आणि वेलदोडा घालून. पोळ्या फार पातळ झाल्या नाहीत, पण एकही फुटली नाही. एका ताटात दोन पोळ्या, दोन करंज्या, वर विणलेला रुमाल. चार घरी ताटं गेली. दोन घरी मी स्वतः गेले, रिक्षाने.

बाहेरून जेवण मागव म्हणून तू पाठवलेले पैसे मी दोन पाकिटांत घातले आणि सकाळच्या वाचनानंतर ज्यांना द्यायचे त्यांना दिले. रागावू नकोस. पुढच्या वर्षीही पाठव, मी तसंच करीन.

मुलांचे वेश काय केलेत ते फोटो पाठव. आणि तुमच्या जिन्यातल्या त्या एकट्या आजींकडे उद्या ताट नेशील, तेव्हा दारातूनच परतू नकोस. त्या आत बोलावतील, काहीतरी हातावर ठेवतील. ते घे.

तुझी,
आई