डबा दारावर अडवता, तर चटणीत काय आहे तेही सांगा

प्रति,
मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

विषय : मनोरंजन उद्यानांमध्ये अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना घरचा डबा व औषध आत नेऊ देण्याबाबत आणि तेथील पदार्थांतील घटकांची माहिती लेखी मिळण्याबाबत.

महोदय,

हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने आपण दरवर्षी नागपुरात येता. शाळांच्या सहलीही त्याच सुमारास निघतात. म्हणून हे पत्र आजच लिहीत आहे.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याला शेंगदाणे व काजू चालत नाहीत. 'चालत नाही' या शब्दानेच आमची अर्धी अडचण होते, कारण उपवासाला कांदा चालत नाही, मधुमेह असलेल्याला साखर चालत नाही, आणि त्याच ओळीत लोक हेही बसवतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला हा पथ्याचा, आवडीनिवडीचा किंवा फार तर लाडाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात शेंगदाण्यातील प्रथिनाला त्याचे शरीर शत्रू समजते आणि काही मिनिटांत अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी, घशाला आवळल्यासारखे होणे आणि श्वास अडकणे इथपर्यंत मजल जाते. त्याला किती दाणे लागतात, असे मला विचारले जाते. दाणा लागत नाही. दाण्याचा कूट लागलेला चमचा पुरतो.

आपल्या विदर्भात फल्ली टाळून जेवणे किती कठीण आहे, हे मी वेगळे सांगायला नको. पोह्यांवर फल्लीदाणे, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, ठेच्यात दाणे, चिवड्यात दाणे, आणि कित्येक घरांत तळणाला घाण्याचे फल्लीतेल. घरात आम्ही हे सगळे बदलले आहे. बाहेर जाताना मात्र आमच्याकडे एकच हमखास उपाय असतो, तो म्हणजे घरचा डबा.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नणंद मुलांना घेऊन आली होती आणि आम्ही सगळे शहरापासून पाऊण तासावरच्या एका थीम पार्कमध्ये गेलो. माझी तक्रार एका ठिकाणाबद्दल नाही आणि ते नाव घेऊन हा प्रश्न सुटणारही नाही, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. दारावर पिशव्या तपासल्या गेल्या. पराठे, बटाट्याची भाजी आणि काकडी असलेला मुलाचा डबा बाजूला काढण्यात आला, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे, अशी पाटी तिथे होती. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. सुरक्षारक्षक चांगल्या स्वभावाचे होते, त्यांनी ती वाचली, साहेबांना फोन लावला आणि म्हणाले, "ताई, आत सगळं मिळते जी, शुद्ध शाकाहारी आहे." औषधाच्या पाकिटात इंजेक्शनची सुई दिसल्यावर तर आम्हाला आणखी दहा मिनिटे थांबवले. औषध शेवटी आत नेऊ दिले, डबा मात्र दारावरच्या कपाटात राहिला. आम्ही तिथूनच परत फिरायला हवे होते, असे मला आज वाटते. पण आठ वर्षांच्या मुलाला घसरगुंड्या समोर दिसत होत्या, भावंडे आत पळत सुटली होती, आणि माझा पाय निघाला नाही.

दुपारी मुले भुकेजली. खाण्याच्या काउंटरवर मी विचारले, "चटणीत फल्ली आहे का?" तिथल्या पोराने सांगितले, "नाही ताई, खोबऱ्याची आहे." मी तरीही चटणी नको म्हटले आणि साधा डोसा मागवला. सवयीने त्याने बाजूला चटणी वाढून ताट पुढे केले. मी ते परत केले आणि दुसरा डोसा मागितला. दोन मिनिटांनी ताट आले, चटणीशिवाय. मुलाने चार-पाच घास खाल्ले आणि "आई, जीभ टोचते" म्हणाला.

काय झाले ते आम्हाला संध्याकाळी कळले. नणंदेची अकरा वर्षांची मुलगी काउंटरच्या कडेला उभी होती. तिने पाहिले होते की त्या पोराने चटणी चमच्याने काढली, ताट फडक्याने पुसले आणि तोच डोसा त्याच ताटात पुन्हा दिला. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने माझे ऐकले होते: मला चटणी नको होती, त्याने चटणी काढली. चटणीत काय आहे, हेही त्याला खरोखर ठाऊक नव्हते, कारण ती सकाळी दुसरीकडून झाकणाच्या बादलीत येते, असे माझे पती दुसऱ्या दिवशी डबा आणायला गेले तेव्हा तिथल्याच व्यवस्थापकांनी सांगितले. खोबरे महाग पडते म्हणून त्यात फल्लीदाणे वाटून घालतात. दिसायला ती पांढरीच असते.

जीभ टोचण्यापासून अंगभर गांधी उठेपर्यंत पाच मिनिटेही गेली नसतील. आम्ही त्याला प्रथमोपचार कक्षात नेले. तिथे पट्ट्या, मलम आणि ओआरएसची पाकिटे होती. तिथल्या ताई म्हणाल्या, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा, बसेल." महोदय, या एका वाक्याची मला सर्वांत अधिक भीती वाटते. अंगावर गांधी दिसल्या की आपल्याकडे प्रत्येक घरात हेच म्हटले जाते, माझी आईही म्हणायची, आणि साध्या गांधींना आमसूल लावून काही बिघडत नाही. पण गांधींबरोबर खोकला, उलटी किंवा आवाजात घोगरेपणा आला, तर ते पित्त नसते. तेव्हा प्रत्येक मिनिट मोजावे लागते, आणि त्या वेळी उपयोगी पडणारे पहिले औषध एकच आहे: अ‍ॅड्रेनालीन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, श्वास मोकळा करीत नाही.

परदेशात मुलांच्या दप्तरात असते ते पेनासारखे तयार इंजेक्शन आम्ही विचारलेल्या एकाही औषधाच्या दुकानात मिळाले नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांनी आम्हाला साधी काचेची कुपी आणि एक मिलिलिटरची सिरिंज दिली आहे. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या चोवीस किलोच्या मुलाला जवळपास पाव मिलिलिटर. सिरिंजवर त्या रेघेपाशी लाल शाईची खूण आहे. त्या दिवशी पतींनी कुपीचे तोंड मोडले तेव्हा काच बोटात गेली, आणि तसेच रक्ताळलेल्या हाताने त्यांनी औषध त्या खुणेपर्यंत ओढले. मी मुलाची मांडी दाबून धरली होती. काही मिनिटांत त्याचा खोकला थांबला. गाडीत मागच्या सीटवर पाय उंच करून आम्ही त्याला शहरात आणले आणि त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो म्हणून रात्रभर रुग्णालयात ठेवले. ज्या पाकिटासाठी दारावर दहा मिनिटे वाद घालावा लागला, त्याच पाकिटाने त्याला वाचवले.

आता कायद्याबद्दल. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ सालचा आहे आणि आपल्या राज्यात त्याची अंमलबजावणी आपले खाते करते. त्याखालील २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शनाच्या नियमांमुळे बिस्किटाच्या पुड्यावर आज ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक मर्यादेपुढे सल्फाइट यांचा उल्लेख करावाच लागतो. पाच रुपयांचा पुडा मला जे सांगतो, ते दीडशे रुपयांचा डोसा सांगत नाही. त्याच नियमांत हॉटेलांसाठीही तरतूद आहे, पण ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांपुरती. एका जागी एकच उद्यान चालवणारा आणि आतली काउंटरे छोट्या कंत्राटदारांना देणारा व्यवसाय या चाळणीतून बहुधा सुटतो. मोठ्या साखळी दुकानातला पिझ्झा माझ्या मुलासाठी एखाद्या वेळी सुरक्षित ठरतो, आणि आपल्या गावच्या उद्यानातले पोहे ठरत नाहीत, ते याच कारणाने.

(या यादीत तीळ नाही, हेही मी आपल्या नजरेस आणू इच्छिते. अमेरिकेने २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला आहे. संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या महाराष्ट्राने ही मागणी केंद्राकडे करायला हवी.)

बाहेरचे खाणे अडवण्याचा अधिकार व्यावसायिकांना आहे, हे मी मान्य करते. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसाच निर्णय दिला. पण त्याच निर्णयात पिण्याचे पाणी मोफत देण्याची आणि लहान बाळासाठी पालकांनी बेताचे खाणे आत नेण्याची बाबही नोंदवलेली आहे. म्हणजे ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही, त्याच्यासाठी दार किलकिले ठेवावे, हे न्यायालयाच्याही मनात होते. माझ्या मुलापुढे दुसरा मार्ग नाही. चित्रपट अडीच तासांत संपतो. थीम पार्कमध्ये सकाळी दहाला गेलेले कुटुंब संध्याकाळी सहाला बाहेर पडते, आणि एकदा बाहेर आल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येत नाही. फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानांत अ‍ॅलर्जीसाठी वेगळी मेनूपत्रिका मिळते, आणि शिवाय घरचे खाणेही नेऊ देतात. एवढा मोठा व्यवसाय दोन्ही गोष्टी करूनही चालतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की जो डबा अडवतो, त्याने आपल्या पदार्थात काय आहे हे लेखी सांगण्याची जबाबदारी घेतली पाहिजे. आणि ती घेता येत नसेल, तर त्याने डबा अडवू नये. प्रवेशद्वारावरचे नियम आपल्या खात्याच्या कक्षेत येत नाहीत, हे मला माहीत आहे. परंतु आतल्या प्रत्येक काउंटरचा परवाना किंवा नोंदणी आपल्याच अधिकाऱ्यांच्या हातून होते. त्या परवानाधारकांना प्रत्येक पदार्थासमोर त्यातील शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, अंडी, सोयाबीन, गहू आणि तीळ यांची नोंद असलेली एक साधी वही मराठीत ठेवायला सांगणे आपल्याला शक्य आहे. चटणी बाहेरून येत असेल, तर बादलीवर घटकांची चिठ्ठी असावी. महागड्या यंत्रणेची गरज नाही. दोनशे पानांची वही आणि एक पेन पुरे. अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस जणांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या प्रशिक्षण योजनेत आहेच. त्या प्रशिक्षणात निदान एक तास या विषयाला द्यावा, आणि 'वरून काढून दिले' म्हणजे सुरक्षित नव्हे, हे ताट, चमचा आणि तवा समोर ठेवून शिकवावे. ते एक वाक्य त्या काउंटरवरच्या पोराला कुणी आधी शिकवले असते, तर त्याने नक्कीच दुसरे ताट घेतले असते.

डबा, औषध आणि प्रथमोपचार कक्षातील अ‍ॅड्रेनालीन यांसाठी गृह, पर्यटन आणि सार्वजनिक आरोग्य या विभागांशी बोलावे लागेल. ते सामान्य पालकाच्या आवाक्यातले नाही, मंत्र्यांच्या आवाक्यातले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवणाऱ्या कुटुंबाला एका मुलापुरता डबा आणि औषधाचे पाकीट विनावाद आत नेता यावे, अशी एक ओळ सर्व उद्यानांच्या तिकिटांवर छापली गेली, तर माझ्यासारख्या आईला दारावर मुलाच्या देखत याचना करावी लागणार नाही. त्या दिवशी तो माझा पदर ओढून म्हणत होता, "आई, राहू दे ना, मी नाही खाणार काही." आठ वर्षांच्या मुलाने दिवसभर उपाशी राहण्याची तयारी दाखवली, कारण त्याला माझी लाज वाटत होती की काळजी, हे मला अजून कळलेले नाही.

अधिवेशनाच्या काळात आपण पंधरा मिनिटे दिलीत, तर मी डॉक्टरांची कागदपत्रे आणि वहीचा एक नमुना घेऊन येईन. तो नमुना मी घरीच तयार केला आहे. त्याची पहिली ओळ खोबऱ्याच्या चटणीची आहे.

शाळेतून यंदाच्या सहलीचे पत्रक आले आहे. सहल एका मनोरंजन उद्यानातच आहे आणि खाली लिहिले आहे की जेवणाची सोय आत केलेली असून मुलांनी डबा आणू नये. ते पत्रक आठवडाभर आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. पालकांच्या संमतीच्या जागी मी अजून सही केलेली नाही, आणि मुलगा रोज सकाळी दूध घ्यायला येतो तेव्हा ती जागा बघून जातो.

आपली विश्वासू,
एक आई, नागपूर