काकू, मी वचन मागितलं, तुम्ही अख्खा अध्याय दिलात

प्रिय काकू,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

समोर बसून आभार मानायला लागले असते तर "माझे कसले? प्रभूचे मान," म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे उघड पत्र. यात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

नोकरी सुटलेली, बाबा अंथरुणाला खिळलेले आणि दूरच्या शहरातून कामाचं बोलावणं आलेलं, अशा त्या दिवसांत चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येकाकडे माझ्यासाठी बायबलमधलं एक वचन, म्हणजे एक ओळ, होतं. बहुतेकांकडे एकच, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते तुम्हाला म्हणून दाखवलं आणि विचारलं, म्हणजे मी जावं ना? तुम्ही एवढंच म्हणालात, "आणि दहावं वचन काय आहे गं?"

दहावं वचन मला कुणी पाठवलंच नव्हतं.

मग आपण अठ्ठाविसाव्या अध्यायापासून वाचायला बसलो. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू मोडेल आणि नेलेले लोक परत येतील. कुणाला आवडणार नाही असं ऐकायला? पुढच्याच अध्यायात यिर्मया बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र धाडतो. घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थनाही करा. कारण बाबेलची 70 वर्षं भरायची आहेत. हे झालं दहावं वचन, आणि त्याला लागूनच ते आशेचं अकरावं. म्हणजे ज्यांनी ते पत्र कर्त्या वयात ऐकलं, त्यांतले बहुतेक परतीची वाट बघायला उरणारही नव्हते. तरी त्यांना झाडं लावायला सांगितलं जात होतं, तेही ज्यांनी घरदार लुटलं त्यांच्या देशात. मोबाइलवर फुलांच्या चित्रासोबत येणारं ते वचन इतकं कठीण आहे, हे त्या दिवशी कळलं. आता ते मला जास्त पटतं, ते त्या कठीणपणामुळेच.

मी तरी हट्ट सोडला नाही. म्हटलं, बायबलमधल्या गिदोनाने लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती, मग मी का मागू नये? तुम्ही शास्ते सहावा अध्याय पुढे केलात आणि बोट ठेवलंत: काय करायचं ते गिदोनाला लोकरीच्या आधीच सांगून झालं होतं. लोकर त्याच्या धाकधुकीसाठी होती. विषय तिथेच संपला.

पण खरा उजेड पडला तो प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात. पौल आणि त्याचे सोबती निघालेत, कामही देवाचंच, आणि पवित्र आत्माच त्यांना आशिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायला मनाई करतो. बिथुनियाकडे वळतात, तिथेही वाट बंद. चालत चालत त्रोवसला समुद्रापाशी येतात, तेव्हा कुठे रात्री दृष्टान्त होतो: मासेदोनियाचा एक माणूस म्हणतोय, इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर. तुम्ही विचारलंत, "दृष्टान्तात पुरुष होता. मग मासेदोनियातल्या फिलिप्पैमध्ये पहिल्यांदा वचन मनावर घेतलं कुणी?" लुदियाने! नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांमधली, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. आणि ती मूळची थुवतीराची, म्हणजे ज्या आशियात जायला मनाई झाली होती तिथलीच. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी मोठ्याने हसले होते, बाबांनी आतून विचारलं होतं काय झालं म्हणून. त्याच नगरात पुढे पौलाला फटके बसले, पाय खोड्यात अडकले. दिशा बरोबर असूनही.

तुम्ही मला जा म्हणाला नाहीत आणि राहा असंही म्हणाला नाहीत. तेव्हा त्याचा राग यायचा. याकोब म्हणतो, ज्ञान उणं असेल तर देवाजवळ मागा. त्यावर तुमचं ठरलेलं, "मागितलंस ना? मग आता वापर." बाबांना त्यांच्या मनातलं विचार, असं सुचवणाऱ्याही तुम्हीच. आम्ही सगळे त्यांच्याविषयी बोलत होतो, त्यांच्याशी कुणीच नाही. मी राहिले. घरी शिकवण्या सुरू केल्या, त्यातून पुढे शाळेत लागले. कुठलाही आवाज आला नाही, आकाश उघडलं नाही. "देवाने मला सांगितलं" असं ऊठसूट म्हणणाऱ्यांपासून मी आता चार हात लांबच असते, हा तुमचाच गुण.

एका बाबतीत मात्र अजून आपलं जमत नाही. पहाटेच वाचावं, हा तुमचा आग्रह. मी रात्रीच वाचते, आणि स्तोत्र 119 वाचायला मला रात्रच बरी वाटते. 176 वचनं, आठ-आठ वचनांचे 22 भाग. रोज एकच भाग घे, असं तुम्ही सांगितलं होतं. "तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे" हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच भागात तो माणूस म्हणतो की मी फार पीडलेला आहे, माझा जीव सदा मुठीत आहे, दुर्जनांनी माझ्यासाठी पाश मांडलाय. आणि देवाच्या नियमशास्त्राची इतकी थोरवी गाऊन झाल्यावर अगदी शेवटच्या वचनात काय, तर मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, मला शोध. हे वाचून मला फार धीर आला होता. तुम्हाला हे कधी बोलले नव्हते.

रथात यशया वाचत बसलेल्या त्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला फिलिप्पाने विचारलं होतं, वाचतोस ते समजतं का? तो म्हणाला, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल? माझ्या शेजारी येऊन बसणाऱ्या तुम्ही होतात, काकू. त्याचा बाप्तिस्मा होताच प्रभूच्या आत्म्याने फिलिप्पाला उचलून नेलं, त्या अधिकाऱ्याला आभार मानायलाही सवड मिळाली नाही. मला मिळाली आहे तर मी मानणारच.

मंडळीतल्या तरुण मुलींना घेऊन आम्ही आता बायबलमधलं रूथचं पुस्तक सुरू करतोय. पहिल्या अध्यायातच एकीने विचारलं, नामीने आपलं नाव 'मारा', म्हणजे कडू, का ठेवायला सांगितलं, आणि देवाने तिला त्याबद्दल रागावलं का नाही. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. काकू, तेवढं फोनवर बोलूया का?

तुमची,
दहावं वचन शोधायला शिकलेली विद्यार्थिनी