नाडी माझी, गणित तुमचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ज्येष्ठांच्या व्यायामाचा लेख वाचला. लेखकाचा उत्साह दांडगा आहे; वय पन्नाशीच्या आतलं असावं. २२० वजा वय, त्याचे ७० ते ८५ टक्के, तिथवर नाडी न्या, हे गणित तुम्ही गेल्या वर्षीही छापलं होतं. मी ते करून बसलोय, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं वय ७२. म्हणजे आकडा १०४ ते १२६. भाट्याच्या पुळणीवर ओहोटी बघून अर्धा तास चाललो तरी नाडी ८८ च्या वर जाईना. वाटलं, आपणच अंगचोरपणा करतोय. दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीत जाणारी पाखाडी तरातरा चढलो आणि अर्ध्यावर, तुमच्या सूचनेबरहुकूम, जागच्या जागी उभं राहून मनगट धरलं. पंधरा सेकंद पुरे व्हायच्या आत डोळ्यांपुढे अंधारी. कडेला गडगा होता म्हणून टेकलो, नाहीतर खालच्या काकींच्या मांगरापर्यंत घरंगळत गेलो असतो.

अँजिओप्लास्टीपासून मला मेटोप्रोलॉल चालू आहे. ती गोळी नाडीला वर जाऊच देत नाही! डॉक्टर हसले आधी. मग म्हणाले, "या गोळीवाल्यांना ते गणित लागू नाही. चालताना बोलता येतंय ना? मग ठीक. गाणं म्हणता आलं तर पाय जरा उचला, बोलताना धाप लागली तर हळू व्हा. आणि चढ चढून एकदम थांबायचं नाही, रक्त पायांत राहतं, डोक्याला कमी पडतं." एवढ्या चार ओळी तुम्हालाही छापता आल्या असत्या. लेखात गोळीचा 'ग' नाही. ही गोळी आमच्या वयाच्या किती जणांच्या डब्यात असते, ते कुठल्याही औषधवाल्याला विचारा.

'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' ही ओळ आहे म्हणा, अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. नातवाने वाचून दाखवली. ज्येष्ठांचं पान ज्येष्ठांना दिसेल अशा टायपात छापायला काय खर्च येतो? शब्दकोड्याचंही तेच.

आठवड्याला १५० मिनिटं चाला, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, मान्य. पण फोटोतला तो गुळगुळीत ट्रॅक आमच्याकडे कुठे आहे तेवढं कळवा. पावसात पाखाडीला शेवाळ धरतं, तेव्हा मी पडवीतच फेऱ्या मारतो, हिची बोलणी खात. उरली पुळण. तिथे सुट्टीच्या दिवशी पाहुणे थेट लाटांपर्यंत गाड्या घालतात. त्याबद्दल तुमच्या पेपरात कधी दोन ओळी आल्याचं स्मरत नाही. मागून हॉर्न वाजला की माझी नाडी १०४ वर जात असावी, गोळी घेऊनसुद्धा. थांबून मोजायची सोय तेवढी नाही.

आपला (अजून तरी) नियमित वाचक,
रत्नागिरी