आमच्या रोटरी व्हॉल्व्हवाल्या काकांना

काका, स. न. वि. वि.

तुमचं बिल केव्हाच चुकतं झालं. कमिशनिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्ह बसवून चालू करून दिल्याच्या, कागदावर सह्या झाल्या, मॅनेजरसाहेबांनी रीतीप्रमाणे आभाराचा मेलही धाडला. त्या मेलमध्ये जे मावलं नाही ते इथे लिहितोय. चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की तुमच्याआधी ज्यांनी आम्हाला टोलवलं त्यांच्याही वाचनात हे यावं. नाव कुणाचं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

आम्हाला हवा होता रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे वरच्या हॉपरमधली (नरसाळ्यासारख्या टाकीतली) पावडर फिरत्या रोटरच्या पात्यांमधल्या खिशांतून खालच्या लाइनमध्ये सोडणारा. त्या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताशी किती टन?" आणि दुसरा, "बजेट काय?" पावडर बघायला एकानेही मागितली नाही. एकाने आरशासारखा चकचकीत व्हॉल्व्ह आणून दाखवला. चकचकीत बाहेरून! आत पातं शाफ्टला मिळतं तिथे सरळ काटकोनी कोपरा, पावडरीला बसायला ऐसपैस जागा. दुसऱ्याने हायजिनचं सर्टिफिकेट नाचवलं, आमच्या क्वालिटीच्या मुलीने नीट वाचलं तर ते भलत्याच मॉडेलचं. आणि हॉपर तुंबलं की फोनवर सगळ्यांचा एकच मंत्र, "आरपीएम वाढवा," म्हणजे रोटर आणखी जोरात फिरवा. वाढवला. हॉपर आणखी तुंबलं. मग म्हणे, तुमची पावडरच बरोबर नाही.

तुम्ही आलात आणि आधी पिशवी मागितलीत. मूठभर पावडर दाबलीत, सोडलीत, बोटांना किती चिकटली ते बघितलंत. मग कागदावर एक गोल काढून आमच्या इंजिनिअरना जे समजावलंत ते मला आजही तोंडपाठ आहे. खाली ब्लोअरच्या, म्हणजे हवेने पावडर पुढे ढकलणाऱ्या, लाइनमध्ये दाब. रोटरचा प्रत्येक खिसा खाली माल टाकतो आणि वर परत येताना ती दाबाची हवा भरून आणतो. थोडी हवा पात्यांच्या फटींतूनही वर येते. ही हवा हॉपरच्या गळ्यात पावडर उचलून धरते, मग खिसे भरणार कसे? वेग वाढवला की खिशाला तोंडाखाली थांबायला वेळ कमी मिळतो आणि हवा मात्र जास्त वर येते. बस थांब्यावर थांबलीच नाही तर माणसं चढणार कधी, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा आमचे मेंटेनन्सवाले पहिल्यांदा हसले. "मोठा व्हॉल्व्ह नको, परतीच्या हवेला बाहेर पडायला वाट करा, पुढे फिल्टर लावा, आणि वेग उतरवा." मोठा व्हॉल्व्ह तुम्हाला सहज विकता आला असता. आम्ही तयारच बसलो होतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र मावशींसाठी आहे.

माल बदलताना रात्रपाळीत व्हॉल्व्ह साफ करतात त्या मावशी. दुधाच्या पावडरीनंतर बिनदुधाची बॅच घ्यायची तर आत कणही राहून चालत नाही, कारण ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. आणि आमच्या स्वॅबमध्ये, म्हणजे सफाईनंतर आतून पुसून घेतलेल्या नमुन्यात, दुधाचं प्रोटीन पुन्हा पुन्हा सापडत होतं. आधीच्या सप्लायरने लेखी कळवलं होतं, "सफाई नीट होत नाही." म्हणजे दोष कुणाच्या माथी? मावशींच्या.

तुम्ही विचारलंत, "हे रोज खोलतं कोण?" आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, एसओपी काय, चेकलिस्ट काय. तुम्ही हात वर करून आम्हाला गप्प केलंत आणि वळून म्हणालात, "मावशी, तुम्ही सांगा. हात कुठवर जातो तुमचा?"

त्यांनी बाही सारून दाखवलं. कोपरापर्यंत हात आत, तरी पलीकडच्या एंड प्लेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाच्या झाकणाला, बोटं टेकत नव्हती. तिथे त्या काठीला फडकं बांधून पुसत होत्या. सांगताना खाली बघत होत्या, जणू चोरी पकडली गेली. तुम्ही हसला नाहीत. खिशातून टेप काढलात, त्यांच्या हाताची लांबी घेतलीत, कमरेची उंची घेतलीत, किती वजन ओढता येईल ते विचारलंत आणि डायरीत लिहून घेतलंत. इतकी वर्षं त्या इथे आहेत. त्यांना कुणी काही विचारून लिहून घेतल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. आणि स्वॅब लागत होता तो नेमका त्याच एंड प्लेटवर.

पुढचं सगळं त्या डायरीतून आलं. रोटर रुळांवर सरकून पूर्ण बाहेर येणारा, पान्याशिवाय, मावशींच्या कमरेच्या उंचीवर. खिशांचे तळ गोलसर, आतलं फिनिश ०.८ मायक्रॉन आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं माप) किंवा त्याहून गुळगुळीत, बेअरिंग मालापासून लांब बाहेर, शाफ्टच्या सीलला हवेचा पर्ज, म्हणजे पावडर तिथे शिरू नये म्हणून हवेचा झोत. किल्लीचं इंटरलॉक, म्हणजे रोटर बाहेर असताना मोटर सुरूच होऊ शकत नाही. यावर तुम्ही परचेसशी भांडलात. "बोटं परत बसवता येत नाहीत," एवढंच म्हणालात आणि तो विषय तिथेच मिटला.

मी मात्र हुशारी करायला गेलो होतो. पाती आणि भोवतालचं घर (केसिंग) यांच्यातली फट अजून बारीक ठेवली तर हवा कमी गळेल ना? तुम्ही आमच्याच चहाच्या कागदी कपावर हिशोब मांडलात. ३०० मिमीचा स्टेनलेस रोटर ५० अंशांनी तापला की व्यास साधारण पाव मिलिमीटर वाढतो, म्हणजे प्रत्येक बाजूला त्याच्या निम्मा. गरम पाण्याने धुताना रोटर आधी तापला आणि घर थंडच राहिलं, तर ०.१ मिमीची फट मिटते. मग स्टेनलेसवर स्टेनलेस घासतं आणि धातूचा कीस मालात. तो कप मी धुऊन ठेवलाय, हसू नका.

तुम्ही गोडबोले होतात असंही नाही. रोटर हातोडीने ठोकून बसवणाऱ्या आमच्या फिटरला तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत. पण निघताना त्यालाच शेजारी बसवून धुतलेला रोटर पूर्ण वाळल्याशिवाय का जोडायचा नाही ते शिकवलंत. ओल दडून राहिलेल्या कोरड्या लाइनमध्ये जंतूंना आयतं घर मिळतं, हे आता तो नव्या पोरांना स्वतःचं म्हणून सांगतो. गोड बोलून फसवणारे भरपूर भेटले हो. रागावूनही समोरच्याला किंमत देणारा माणूस विरळा. माझ्या लेखी सज्जनपणा तो.

आता एक काम. पुढची लाइन पिठीसाखरेची आहे. ती धूळ पेट घेते, तेव्हा व्हॉल्व्हला ज्वाळाही अडवावी लागेल. धातूची पाती, ०.२ मिमीच्या आतली फट, स्फोटाची चाहूल लागताच आपोआप थांबणारा रोटर, इतपत मी वाचून ठेवलंय. त्याच मॉडेलचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं हेही शिकलोय. बाकी तुम्ही बघा. पावडरीची पिशवी बांधून ठेवली आहे. मावशींच्या जोडीला एक नव्या ताई आल्यात, उंचीने बऱ्याच कमी, तेव्हा टेप घेऊन या, आणि शक्यतो रात्रपाळीला या.

आपला,
शिफ्ट इनचार्ज