तोंड झाकणारा प्रत्येक जण लबाड नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, चेहरा न दाखवता टोपणनावाने व्हिडिओ टाकणाऱ्या जपानी लोकांवरचा लेख वाचला. ‘मनात काळंबेरं नाही, तर तोंड का लपवता?’ हे त्यातलं वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही. इतका मोठा निवाडा करण्याआधी लेखकाने त्यांच्यापैकी एखाद्याशी बोलायला हवं होतं.

मी नागोयाला एका कंपनीत दुभाषी होते. हिशेब विभागातला एक सहकारी सुरेख पियानो वाजवायचा आणि त्याचे व्हिडिओ निकोनिको या जपानी व्हिडिओ संकेतस्थळावर टाकायचा. व्हिडिओत फक्त मनगटापर्यंतचे हात. त्याआधी तो घड्याळ काढून ठेवायचा, कारण ऑफिसात ते सगळ्यांच्या ओळखीचं. खिडकीचा पडदाही ओढून घ्यायचा, कारण बाहेर दिसणाऱ्या इमारतींवरून घर हुडकून काढणारे लोक असतात. पुढे वर्षअखेरीच्या पार्टीत कुणीतरी मोबाइल हातोहात फिरवला आणि त्याचं गुपित फुटलं. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘एवढा वेळ मिळतो का तुला?’ तो मान खाली घालून माफी मागत राहिला. थोड्याच दिवसांत त्याने सगळे व्हिडिओ काढून टाकले. त्यातून त्याला एक येनही मिळत नव्हता. त्या माणसाने कुणाचं काय बिघडवलं होतं? मला आजही त्या प्रसंगाचा राग येतो.

जोडधंद्याला मनाई करणारं कलम जपान सरकारच्या नमुना सेवानियमांतच होतं. ते २०१८ मध्ये काढून टाकलं गेलं. साहेबांच्या मनातून ते इतक्या लवकर निघत नाही. ग्रीन नावाने गाजलेल्या गायकवृंदातले चौघे दंतवैद्यकाशी संबंधित, त्या पेशासाठीच त्यांनी चेहरे दाखवले नाहीत. त्यांना आपण लबाड म्हणणार का?

टोपणनाव म्हणजे जबाबदारी झटकणं, हे लेखकाचं म्हणणंही मला पटत नाही. गायक केन्शी योनेझू आधी ‘हाची’ या नावाने, हात्सुने मिकू या आभासी गायिकेच्या संगणकीय आवाजात गाणी करायचा. त्या नावाला लोकांनी मान दिला तो गाण्यांमुळे. २०१२ मध्ये तो खऱ्या नावाने पुढे आला आणि आज जपानच्या आघाडीच्या गायकांत आहे. आडो या गायिकेने तर चेहरा न दाखवताच नाव कमावलं. तिची सुरुवातही निकोनिकोवर दुसऱ्यांची गाणी गाऊन झाली. एप्रिल २०२४ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये ती सलग दोन दिवस गायली. लोक तिकीट काढून आले ते आवाजासाठी. वय, रूप, कॉलेज यांची चौकशी न होता आधी काम ऐकलं जावं, ही किती मोठी गोष्ट आहे! आपल्याकडच्या कितीतरी मुलींना ती मिळायला हवी.

निनावी शिवीगाळ हा वेगळा विषय आहे. त्यासाठी जपानने २०२२ मध्ये कायदा कडक केला, अपमानाबद्दल वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. लेखकाने दोन्ही गोष्टी एकाच माळेत ओवल्या.

आणखी एक. मागे पाणीकपातीवर लिहिलेलं माझं पत्र आपण पूर्ण पत्ता आणि मोबाइल क्रमांकासकट छापलंत. रात्री अपरात्री अनोळखी पुरुषांचे फोन आले, शेवटी क्रमांक बदलावा लागला. आपल्या कार्यालयात तक्रार केली, तर ‘तशी पद्धतच आहे’ असं उत्तर मिळालं. ही पद्धत बंद करा. पडताळणीसाठी सगळा तपशील सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो आपल्यापाशीच ठेवावा.

आपली,
एक वाचक, पुणे